स्कॅनमध्ये बसलेला रफीकभाई

भूतबित, चकवा... असल्या गप्पांवर मी आयुष्यभर हसत आलोय. धंदाच मोजमापाचा. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच.

दुष्काळाचं वर्ष. शहर चहूबाजूंनी फुगत होतं आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. नवी पाइपलाइन टाकण्याआधी जमिनीखाली काय काय आहे त्याचं लेझर स्कॅनिंग आमच्याकडे होतं. बेगमपुऱ्याच्या अंगाला असलेली जुनी नहर, म्हणजे जमिनीखालचा दगडी पाणबोगदा, कोरडीठाक पडली होती, म्हणूनच आत मशीन नेता आलं.

स्कॅन चालू असताना आत कुणी थांबायचं नाही, हा आमचा नियम. माणूस हलला की चित्रात धुरकट उमटतो, काम वाया जातं. त्या सकाळी मशीन खाली फिरत होतं आणि रफीकभाई — खुलताबादचा, माझा दहा वर्षांचा जोडीदार — वर माझ्या शेजारी बसून चहा पीत होता. शपथेवर सांगतो.

मशीन वर घेतलं. खुणेसाठी ठेवलेले पांढरे गोळे आणायला तो परत उतरला... आणि छत बसलं.

हाका मारून घसा बसला. आतून काहीच नाही. अग्निशमनवाले तोंडाकडून दगड काढायला लागले. त्यांचा प्रमुख म्हणाला, "लई लांबपर्यंत बसलंय साहेब. सांजपर्यंत तरी नाय व्हायचं."

तेवढ्यात रफीकभाईची बायको धावत आली. माझी कॉलर धरली. "तुमने उतारे ना उनको? अब तुमीच निकालो!"

मी काय काढणार, कपाळ! बोगदा पुढे किती लांब आहे ते तरी बघावं म्हणून लॅपटॉपवर सकाळचा स्कॅन उघडला. वळणापलीकडच्या कोनाड्यात, गुडघे पोटाशी घेऊन, रफीकभाई बसला होता. एका पायात बूट नव्हता. फाइलवरची वेळ सकाळचीच, तो वर चहा पीत होता तेव्हाची.

सगळा आकार रेखीव... म्हणजे न हलणारा. मेलेला? झूम केलं, तर छाती तेवढी धुरकट होती. श्वास चालू होता!

त्या जागेच्या बरोबर वर, रस्त्यावर मी चुन्याची फुली मारली. "इथून खोदा!"

"कशावरून?" प्रमुखाने विचारलं.

"आवाज आला," मी धडधडीत खोटं बोललो.

दोन तासांनी तो सापडला. तसाच बसलेला, एका पायात बूट नाही, पण जिवंत.

मशीनचं घड्याळ, फाइल, सगळं तपासून झालं. दोष सापडला नाही. काम सोपवण्याआधी स्कॅनमध्ये आलेली माणसं पुसून टाकावी लागतात, त्यासाठी ऑफिसातून रोज फोन येतो. शेवटी रफीकभाईलाच विचारलं, पुसू का? त्याने स्क्रीनवरच्या त्या धुरकट छातीवर बोट ठेवलं.

"रहने दो भाई उसकू," एवढंच म्हणाला.

हे कसं झालं, मला अजूनही सांगता येत नाही. पण पुसायची माझी छाती होत नाही.