हातभर माकूळ

ग्वाल्हेरात मराठी आडनाव असलं की लोक परस्पर तुमच्या नावावर समुद्र लिहून टाकतात. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले, त्यानंतर घराण्यात कुणी फूलबागेतल्या कारंज्यापलीकडे पाणी पाहिलेलं नाही. तरी विज्ञान प्रदर्शनासाठी मॅडमनी आमच्या मुलीला विषय दिला तो चिमुकलं माकूळ, म्हणजे समुद्रातलं स्क्विड, आणि चिमुकलं वटवाघूळ यांच्या तुलनेचा. का, तर "आप लोग तो समुंदर वाले हैं." तिथेच नाही म्हणायचं, तर मी मान डोलावली. वर, आमच्यात माकूळ घरोघरी शिजतं, अशी थापही ठोकली. त्या थापेची मला अजून लाज वाटते.

मुलगी तेव्हा सातवीत होती. पहिल्या येणाऱ्याला पुढच्या फेरीसाठी भोपाळला नेणार होते, आणि हिने आठवडाभर आधीच बॅग भरून ठेवली होती. वटवाघूळ तिने एकटीने केलं, जुन्या छत्रीच्या कापडाचं, अंगठ्याएवढं. सराफ्यात एका दुकानाच्या पाटीमागे तसलं एक राहायचं, ते बाहेर पडताना बघायला ती रोज संध्याकाळी जायची. माकूळही तेवढंच असतं, ते समुद्रातल्या गवताला पाठ चिकटवून राहतं आणि हे उलटं लटकून, म्हणून तर दोघांची तुलना, असं तिने मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, नेटवर वाट्टेल ते लिहितात. समुद्रातलं छोटं म्हणजे हातभर तरी असणारच. मग मी थर्माकोलचं हातभर माकूळ कोरलं आणि त्याला गुलाबी साटिन चढवलं. धन्य आहे माझी.

परीक्षक आले. ती बोलणार, तेवढ्यात मी पुढे सरसावलो आणि खरं माकूळ अगदी एवढंच असतं, आम्ही लहानपणापासून पाहतोय, असं ठणकावून सांगितलं. परीक्षकांनी तिला विचारलं, हे बरोबर आहे का? तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि "जी" म्हणाली. मग या दोघांत सारखं काय, असं त्यांनी विचारलं, त्यावर ती गप्पच राहिली. भोपाळला ज्वालामुखीवाली मुलगी गेली.

वर, परत येताना टेम्पोत मीच तिच्यावर चिडलो. एवढं सगळं पाठ होतं, मग दातखीळ बसली होती का, म्हणून विचारलं.

मांडीवरचं साटिन नीट करत ती म्हणाली, "बाबा, मी खरं सांगितलं असतं तर सगळे तुमच्यावर हसले असते."