राणूच्या तारखा

चौथी शिकलेली बाई दोन वर्षं कोर्टाच्या बाकड्यावर बसली, की तिच्याजवळ साचणार काय? किस्सेच! पिक्चरवाल्यांना कळलं तर तिकीट लावून दाखवतील. तुम्ही फुकट ऐका.

*

आम्ही मेंढरंवाली माणसं. माझ्या लेकीनं, सुनीतानं, लग्न केलं फुलंब्रीच्या जमीनवाल्यांत. नात झाली, राणू. विहीणबाई दवाखान्यात आल्या, दुपटं उघडलं, पोरीचा काळा रंग बघितला आणि नर्सला विचारतात, "सिस्टर, पोरींची अदलाबदल तर नाही ना झाली?"

मी म्हणाले, "बदलून पायजे का? बिल आणलंय?"

*

राणू वर्षाची असताना सुनीता काविळीनं गेली. तेराव्याची जेवणं उरकली आणि विहीणबाईंनी पोर माझ्या मांडीवर ठेवली. "रंगानं तुमच्यावरच गेलीय. तुमच्याकडंच शोभंल."

लेकीसाठी रडायचं राहूनच गेलं. राणू दुधासाठी रडत होती, आणि दोघींनी एकदम रडून कसं चालंल?

*

पाच वर्षं कुणी फिरकलं नाही. मग जावयानं दुसरी केली, तिला मूल होईना, आणि ह्यांना एकदम रक्ताची आठवण आली! पोरीच्या ताब्यासाठी केस टाकली.

कोर्ट म्हणालं, दर शनिवारी इथंच भेटू द्या. विहीणबाई आल्या त्या गोरं व्हायची क्रीम आणि छत्री घेऊन. आवारात पोरीच्या डोक्यावर छत्री धरून फिरवतात!

राणू मला ओरडून सांगते, "आजी, ह्यांला सांग, पाऊस नाय!"

विहीणबाई म्हणतात, "अगं, उन्हानं काळी होशील."

"मी हायेच की!"

*

आमचा वकील म्हणाला, "मावशी, त्यांच्याकडं बंगला, गाडी, शेती. तुमच्याकडं काय हाय ते लिहून द्या."

मी लिहून दिलं, 'राणू'.

त्यानं कागद उलटा करून बघितला. मागं कायच नव्हतं.

*

शेवटच्या तारखेला त्यांच्या वकिलानं ही मोठी फ्रेम काढली. "मॅडम, मुलीचा फोटो. दिवाणखान्यात समोरच लावलाय. एवढा जीव आहे!"

फोटो शनिवारच्या भेटीतलाच, पण शहागंजातल्या स्टुडिओत गोरी करून घेतलेली पोर, जशी दुधात बुडवून काढलेली!

जज मॅडमनी फोटो बघितला, राणूला बघितलं, परत फोटो बघितला. मग फ्रेम राणूपुढं धरली. "बाळा, ही कोण गं?"

विहीणबाई पदर सावरून हसायला लागल्या.

राणूनं लई वेळ बघितलं. मग विहीणबाईंकडं वळून म्हणाली, "तुमच्याकडं हाय की एक. मंग मला कशाला नेताय?"