छातीतली गाठ आणि 'बघू' म्हणणारा नवरा

हळद शिजवायच्या दिवसांत धार काढताना म्हशीनं मान झटकली आणि तिचं शिंग माझ्या उजव्या छातीवर बसलं. पंधरा दिवस तिथं काळंनिळं होतं. मग डाग गेला, मीही विसरले. दोन महिन्यांनी अंघोळ करताना हाताला गाठ लागली. सुपारीएवढी, घट्ट. वरची कातडी आत ओढलेली.

मी जाऊबाईंना सांगितलं, तेवढीच माझी चूक. दिवस मावळायच्या आत शेजारच्या डोंगरकडा गावापर्यंत बातमी पोचली, मला कॅन्सर झालाय. बाया भेटायला यायला लागल्या. माझ्या छातीकडं बघत "लेकरं लहान हायेत गं" म्हणायच्या आणि बशीत ओतून चहा प्यायच्या. चहा मीच करायचे. माझ्या हातचा चहा चालत होता, पण माझ्या ताटात जेवायला बसलेलं आपलं लेकरू जाऊबाईंनी दंडाला धरून उठवलं.

थोरल्या दिरांनी तर हद्दच केली. ओट्यावर बसून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिच्या मावसबहिणीचं अजून जमलं न्हाई. लेकरांना परकी आणण्यापरीस घरातली बरी."

मी आत भाकरी थापत होते. दार उघडं होतं. नवरा काय म्हणतो म्हणून हात थांबवला.

नवरा म्हणाला, "बघू."

सकाळी मी पिशवी उचलली.

"एकटी काहून चालली?" त्यानं विचारलं.

"तुमी बघत बसा," म्हटलं आणि नांदेडची गाडी धरली.

डॉक्टरबाईंनी गाठ तपासली आणि विचारलं, "इथं कधी मार लागला होता का?" घरादारानं, गावानं एवढं एक विचारलं नव्हतं. सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली, सुईनं तुकडा घेतला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी धारा काढल्या, भाकरी थापल्या, पण मनातली भीती त्या माणसांना दाखवली नाही. तेवढी त्यांची लायकी नव्हती.

"कॅन्सर नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मार लागला की कधी कधी तिथली चरबी मरते आणि अशी गाठ बनते. हाताला कॅन्सरसारखीच लागते, म्हणून तपासावीच लागते. कापायची गरज नाही. तीन महिन्यांनी परत दाखवा."

बाहेर बाकावर बसून मी मनसोक्त रडले.

घरी जाऊबाई म्हणाल्या, "मला तर आधीच वाटून राहिलं होतं, काही नसंल म्हणून." थोरल्या दिरांचं तोंड असं उतरलं, जसं ठरलेलं लग्न मोडलं. नवऱ्यानं पाव किलो जिलेबी आणली. मी एक तुकडाही तोंडात घातला नाही.

गाठ हळूहळू बारीक झाली, आता बोटानं शोधावी लागते. थोरले दीर अजून अधूनमधून येतात. ते आले की मी डोक्यावर पदर घेत नाही. जाऊबाई डोळे वटारतात. वटारू देत.