नागद्वारीची अर्धी वाट

पचमढीला जायचं म्हणजे चढायचं, असं सगळ्यांना वाटतं. नागद्वारीचं, तिथल्या नागदेवाच्या गुफेचं, तसं नाही. गाडी वरती डोंगरावरच सोडते आणि तिथून पायी दरीत उतरायचं असतं. खाली, अजून खाली. चढ येतो तो परत येताना. हे मला माहीत होतं, लहानपणापासून ऐकलेलं होतं. तरी मी उतरले.

माझं माहेर भोपाळातलं, अशोका गार्डनचं. आजोबांचं ऑफिस नागपूरहून भोपाळला हललं, त्यासोबत ते आले ते इथलेच झाले. दर श्रावणात, नागपंचमीच्या आधी, गल्लीतल्या आमच्या नागपूरकडच्या बायका नागद्वारीला जायच्या. आई त्यांच्यात सगळ्यात पुढे. मला कधी नेलं नाही. मला दम लागायचा. शाळेच्या जिन्यावर मी मधेच बसायची, आणि आठवीनंतर त्या जिन्यालाच कंटाळून शाळा सोडली. आई म्हणायची, "तू घरी राय, पुढच्या साली पाहू." तिसऱ्या दिवशी ती परत यायची, पाय सुजलेले, पोटऱ्यांवर जळू चावल्याचे डाग, लुगड्याला ओल्या मातीचा वास. मी तिचे पाय चेपायची आणि विचारत राहायची. गुफा केवढी आहे, आत अंधार असतो का, नागदेवाची मूर्ती आहे का नुसता दगड. ती अर्धं सांगायची आणि झोपून जायची. त्या वाटेवर कोणी कोणाला नाव विचारत नाही, सगळे एकमेकांना भगत म्हणतात, हे तिनं सांगितलेलं. मला वाटायचं, कोणी मला एकदा म्हणावं.

लग्न होऊन भोपाळच्याच दुसऱ्या टोकाला, मिसरोदला आले. ह्यांची नोकरी मंडीदीपच्या कारखान्यात. सातव्या महिन्यात तपासायला गेले तर लेडी डॉक्टरनं छातीला नळी लावली, काढली, परत लावली. मला म्हणाली, "पहले किसी ने बताया नहीं तुम्हें?" हृदयाचा वॉल, म्हणजे झडप, लहानपणापासून बारीक होत आलेला होता. पोटातलं वाचेल का मी वाचेन, मला कोणी नीट सांगेना. तेव्हा त्या खाटेवर पडल्या पडल्या मी नवस बोलले. नागदेवा, आम्ही दोघं वाचलो तर लेकराला घेऊन येईन आणि माझ्या हातानं तुझ्या डोळ्यात काजळ घालीन.

आईला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली.

"दुसरं काही सुचलं नाही तुले? नारळ कबूल करायचा. चुनरी कबूल करायची."

तिच्याच तोंडून ऐकलेली गोष्ट होती ती. एका बाईनं मूल व्हावं म्हणून काजळाचाच नवस केला होता. मूल झालं, ती दरीत गेली, आणि नागदेव एवढा मोठा होऊन समोर आला की ती घाबरून पळाली. मग त्यानं तिचं लेकरू नेलं. इतकं माहीत असून माझ्या तोंडातून तेच निघालं.

मुलगी झाली. चांगली झाली. पण तिला दात येताना ताप आला तरी मला वाटायचं, नागदेव मागायला आला. हे म्हणायचे, "देवाला कळतं ना तुझं दुखणं." आई म्हणायची, "कळते त्याले, पण बोलली तर तूच ना." डॉक्टरनं तर दोन मजले चढायची पण मनाई केलेली. पुढेमागे फुगा टाकून वॉल मोठा करू, तोवर सांभाळून राहा म्हणे.

पोरगी दीड वर्षाची झाली आणि त्या श्रावणात मी हट्टच धरला. ह्यांना सुट्टी नव्हती. एवढंच म्हणाले, "गाडी जाते तिथवर जा. पुढे आई पोरीला घेऊन जाईल. तू पाऊल टाकायचं नाही." मी हो म्हटलं. खरंच मनातून हो होतं.

गाडीतून उतरलो तर चारी बाजूला धुकं. माणसं त्यात उतरत होती आणि दिसेनाशी होत होती. आईनं पोरीला शालीनं पाठीला बांधलं. काठी टेकत एक म्हातारी आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "चला भगत, थांबल्या काहून?" आणि मी चालायला लागले.

आई म्हणाली, "तू कुठं?"

"थोडंसं खाली."

दम लागलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी चालत होते आणि छाती गप्प होती. दगड निसरडे होते, सगळीकडून पाणी वाहत होतं, पाय आपोआप पुढे पडत होते. लोक हर हर महादेव म्हणत होते, मीपण म्हटलं, मोठ्यानं. मला वाटलं डॉक्टरचं चुकलं. लोखंडी शिडी पण उतरले. पोरगी आजीच्या पाठीवरून माझ्याकडे बघून हसत होती. तसं चालणं मला अजून स्वप्नात येतं.

खाली नाल्याजवळ भंडाऱ्याचा तंबू होता, पुरी आणि आलूची भाजी वाढत होते. त्याच्या पुढे एक छोटा चढ, आमच्या शाळेच्या जिन्याएवढा. आठ-दहा पावलं चढले आणि छाती बंद झाली. खाली बसले. तोंड उघडं, हवा आत येईना. थोडी सावरले तेव्हा मागे वळून बघितलं. ज्या वाटेनं उतरलो ती डोक्यावर भिंतीसारखी उभी होती आणि तिच्यावर छत्र्या मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले.

"गुफा किती लांब?" मी विचारलं.

"आत्ता कुठं. असे अजून चार-पाच चढ."

"आई, मी इथं मेले तर हिला कोण बघेल?"

"मरायचं नाव काढू नको. लोक पुऱ्या खाऊन ऱ्हायले इथं."

पण तिचा चेहरा उतरला होता. पुढे गेले तर परत वर जायला दम उरणार नव्हता. नाही गेले तर नवस. मी कमरेची डबी काढली. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ. माझ्या बोटानं घेतलं आणि पोरीच्या उजव्या हाताला, पाचही बोटांना लावलं.

"हिचा हात लाव त्याला."

"असं चालते का?"

"माझ्याच रक्ताचा हात आहे. नसेल चालत तर मला मागू दे, हिला नाही."

आईनं शालीची गाठ आवळली. पोरगी रडत रडत गेली, धुक्यात मला आवाजच ऐकू येत राहिला, मग तोही गेला.

तंबूतल्या बाईनं माझ्यासमोर आलूची परात ठेवली. "नुसतं बसून काय करता भगत, सोला." मी सोलत बसले. परत येणाऱ्या एकेकाला विचारत होते, कशी आहे गुफा? एक म्हणाला, आडवं होऊन आत सरकावं लागतं. एक बाई म्हणाली, वरून पाणी ठिबकतं, थंडगार. एक म्हणाला, गर्दीत काय दिसते, ढकललं आणि बाहेर आलो. ज्यानं बघितलं त्याला सांगता येत नव्हतं आणि मी तिथवर येऊन आलू सोलत होते. इतकी जवळ कधी आले नव्हते, आणि इतकं लांब मला घरीसुद्धा वाटलं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा त्या आल्या. पोरगी झोपलेली. गालावर, नाकावर, आईच्या मानेवर, सगळीकडे काजळ.

"लावलं का हिनं?"

"लावलं."

"देवाला, का तुझ्या पदराला?"

"दोघाले लावलं. त्याच्या वाट्याचं त्याले पोचलं, मी डोळ्यानं पाहिलं."

परतीचा चढ मी दहा पावलं, बसणं, दहा पावलं, बसणं, असा चढले. अनोळखी माणसं पाठीला तळहात लावून थोडं वर ढकलायची आणि पुढे जायची. वर पोचलो तेव्हा अंधारलं होतं आणि माझे ओठ निळे पडले होते. भोपाळला येऊन चार दिवस दवाखान्यात होते. ह्यांनी एकच विचारलं, "उतरलीस कशाला?"

"उतरताना त्रास होत नव्हता."

ते औषधाची चिठ्ठी घेऊन उठले.

पुढच्या महिन्यात पोरीला परत ताप आला. मी रात्र बसून काढली. सकाळी उतरला, पोरांचे उतरतात तसा. अजून दोनदा असंच झालं, आणि मग कधीतरी मी तापाला ताप म्हणायला लागले.

आता फुगा टाकायची तारीख मिळाली आहे, दिवाळीनंतरची. आई म्हणाली, "काही बोलून ठेव ना देवाले." मी म्हटलं, "नाही." तिला राग आला असेल. मला काही द्यायचं-घ्यायचं नाही त्याच्याशी. परवा मी फुगा टाकणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, ह्याच्यानंतर पहाड चढता येईल का? ते म्हणाले, "पहले ठीक तो हो जाओ. जाना कहाँ है?" मी सांगितलं. त्यांना ठाऊक नव्हतं. मग मी त्यांना वाट सांगत बसले, गाडी कुठं सोडते, शिडी कुठं आहे, नाला कुठं. नाल्याच्या पुढचं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, पुढचं मला माहीत नाही.