वेशीखालची माती

महांतप्पा गवंड्याच्या हट्टीपणाच्या बऱ्याच गोष्टी गावात सांगतात आणि त्यांतल्या निम्म्या खोट्या आहेत. वेशीची मात्र खरी आहे. ती मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण वेस पाडायचा अर्ज माझ्याच हातचा होता.

साल एकसष्ट. मी राघवेंद्र, तुळजापूरहून बदलून आलेला पंचविशीतला शाळामास्तर. गाव जळकोटहून दोन मैल आत. नाव सांगत नाही, कारण त्या अर्जावर सह्या करणाऱ्यांची नातवंडं अजून तिथं राहतात आणि मला अधूनमधून त्यांच्याकडे जेवायला जावं लागतं. निजामाचं राज्य जाऊन तेरा वर्षं झाली होती, महाराष्ट्र होऊन एक. हमरस्त्यावरून सोलापूरच्या मोटारी धावत आणि आमच्या वाट्याला त्यांचा नुसता धुरळा येई. आता गावापर्यंत खडीचा रस्ता झाला होता आणि एस.टी. यायला तयार होती. अडत होतं ते एका वेशीपाशी.

गावाला दगडी गावकूस आणि आत शिरायला ती एकच वेस. कमान ठेंगणी. बाहेर लगेच ओढ्याचा उतार, तिथं मोटार वळवायला जागा नाही. वळायचं तर आत, चावडीपुढच्या चौकात. सरकारी ओव्हरसियरांनी टेप लावून मोजलं, तर कमान साडेदहा फूट भरली आणि टपावर सामान लादलेली मोटार साडेअकरा. सरपंच वीरप्पा म्हणाले, पाडून टाकू. सगळे म्हणाले, पाडून टाकू. मी अर्ज लिहायला बसलो. 'सदरहू वेस निरुपयोगी असून' अशी सुरुवात मी केली होती आणि ती आठवली की अजून माझी कानशिलं गरम होतात.

पण जुन्या चुन्यातली कमान पाडणं म्हणजे भिंतीला कुदळ घालणं नव्हे. चुकीचा दगड आधी निघाला तर सगळी कमान पाडणाऱ्याच्या अंगावर येते. ते काम येणारा पंचक्रोशीत एकच माणूस होता, महांतप्पा. पंचावन्नच्या पुढचा, उंच, वाळकुडा, चुन्यानं बोटांची कातडी कायमची फुटलेली. सिमेंटला तो राख म्हणायचा आणि हात लावायचा नाही. सिमेंट आल्यापासून त्याला काम नव्हतं. दारातली चुन्याची घाणी बंद पडली होती, तिच्या दगडी चाकावर कोंबड्या बसत. तेव्हा बोलावणं गेलं की गडी पळत येईल, असा वीरप्पांचा हिशेब होता.

तो चावडीत आला, उभाच राहिला आणि म्हणाला, "म्या वेस पाडणार न्हाय. दुसऱ्या कुनी हात लावला तर वर जाऊन बसंन. मोटार बी येऊ द्या, वेस बी ऱ्हाऊ द्या. मला दोन्ही पायजेत."

वीरप्पा चिडले. दगडाची एवढी माया आणि माणसांची काही नाही का, असं बोलून गेले. ते बोलायला नको होतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी महांतप्पाची लेक शिवकांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अडली. चौघांनी तिला खाटेवर घालून हमरस्त्यापर्यंत नेलं, पुढच्या अंगाला बाप स्वतः होता. फाट्यावर पोचले तेव्हा मोटार आपल्या वेळेला निघून गेली होती. उशीर आमच्या लोकांनाच झाला होता. दुसरी येईपर्यंत पोर गेलं, शिवकांता कशीबशी वाचली. मोटार म्हणजे काय हे त्या माणसाला शिकवायचा अधिकार चावडीतल्या कुणालाच नव्हता, आणि मला तर मुळीच नव्हता.

ओव्हरसियर भले गृहस्थ. म्हणाले, पुढच्या सोमवारी चाचणीची मोटार येणार आहे, तोवर काही सुचत असेल तर दाखवा. महांतप्पाला त्या वेळी काहीही सुचत नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. हातात काही नसताना तो नाही म्हणाला होता. असली छाती माझी तेव्हा नव्हती, आजही नाही.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. दर अमावास्येला दिवेलागणीला गौराबाई वेशीच्या भिंतीतल्या देवळीत, दिव्याच्या कोनाड्यात, पणती लावायच्या. त्यांच्या घराण्याचा तो मान. देवळी जमिनीपासून जेमतेम हातभर वर, म्हणून त्यांना मांडी घालून खाली बसावं लागे. गावात तशी रीतच पडली होती : वेशीचा दिवा बसूनच लावायचा, उभ्यानं लावला तर देवाचा कोप. मी शाळेत पोरांना याचा अर्थही सांगितला होता. आपले पूर्वज नम्र होते, म्हणून त्यांनी देवळी खाली ठेवली. माझ्या नोकरीच्या चौतीस वर्षांत मी पोरांना बरंच चुकीचं शिकवलं असेल, पण इतकं ठामपणे दुसरं काही नाही.

गौराबाई गुडघ्यावर हात देऊन उठत होत्या. महांतप्पा वेशीजवळच्या ओट्यावरून बघत होता, मी शेजारीच होतो. त्यानं मला विचारलं, तुमच्या घरात देवळी कुठं आहे. मी छातीपाशी हात नेऊन दाखवला.

"माझ्या बी घरात तिथंच हाय," तो म्हणाला. "चाळीस वरसं घरं बांधली, एक बी देवळी गुडघ्याखाली ठेवली न्हाय. कुठला गवंडी ठेवंल?"

तो घरी जाऊन पहार घेऊन आला आणि वेशीच्या दगडाला लागून ती ठोकू लागला. पहार पावणेतीन फूट आत गेली आणि खणकन वाजली. खाली फरशी होती.

आमची घरं धाब्याची, मातीच्या सपाट छपरांची. दर उन्हाळ्यात धाब्यावर नवी पांढरी माती घालायची, ती पावसाळ्यात धुपून गल्लीत यायची आणि गल्लीतून वाहत वेशीशी साचायची. तिथं चिखल झाला की आम्ही वरून मुरूम टाकायचो. पुढच्या साली पुन्हा माती, पुन्हा मुरूम. कित्येक पिढ्या हेच चाललं होतं. वेस ठेंगणी नव्हती, आम्हीच वर चढत गेलो होतो आणि शेवटी तिलाच ठेंगणी ठरवून मोकळे झालो होतो.

सकाळी त्यानं खणायला सुरुवात केली. एकटा. वीरप्पा येऊन म्हणाले, हे डबकं होणार, पावसाळ्यात म्हशी डुंबतील. महांतप्पा थांबला नाही. सोमवारी मोटार गेली नाही तर पहिली कुदळ मीच घालीन, एवढं त्यानं चारचौघांत कबूल केलं. गौराबाईही रागावल्या. बसून दिवा लावायची रीत मोडू नकोस म्हणाल्या. तुमच्या सासूच्या आजेसासूनं उभ्यानंच लावला असेल काकू, असं उत्तर त्यानं खड्ड्यातूनच दिलं. त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

दोन दिवसांत त्याचं दहा हातही काम झालं नाही. मोटार दोन्ही बाजूंनी हळूहळू उतरून यायची तर खूप लांबवर खणायला हवं होतं. पारावर बसून लोक गंमत बघत होते. त्यांत मीही होतो, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी ईरण्णा कोष्ट्याची बायको प्रेमाबाई टोपली घेऊन आली. तिला वेशीशी काही देणंघेणं नव्हतं. वैशाख चालू होता, धाब्यावर माती घालायची होती आणि चांगल्या पांढरीसाठी बाया कोसभर लांब जायच्या. इथं आयती निघाली होती.

"ही आमच्याच धाब्याची हाय," ती म्हणाली. "वर नेते परत."

दुपारपर्यंत वीस टोपल्या झाल्या, संध्याकाळी पन्नास. बाया खणायलाही लागल्या, कारण महांतप्पाच्या हातानं निघणारी माती त्यांना पुरेना. मग बायका खणताना आपण पारावर बसलेले बरे दिसत नाही म्हणून पुरुष उठले. तत्त्वासाठी आमच्या गावातला एकही माणूस जागचा हलला नव्हता. वेस वाचवायला धावली ती गळकी धाबी, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

शनिवारी फरशी उघडी पडली. तिच्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या, चार बोटं खोल. महांतप्पा त्यांत बोट घालून किती वेळ बसून होता. रविवारी ओव्हरसियर आले आणि त्यांनीही पाण्याचाच प्रश्न काढला. महांतप्पानं घागर मागवली आणि वेशीच्या मधोमध उपडी केली. पाणी क्षणभर थबकलं, मग फरशीच्या उजव्या कडेनं बाहेर गेलं आणि आम्ही खणलेल्या चरातून ओढ्याला लागलं. ओव्हरसियरांनी पुन्हा टेप लावला. सव्वातेरा फूट.

त्या संध्याकाळी गौराबाई आल्या. अमावास्या नव्हती तरी आल्या. देवळी त्यांच्या छातीशी आली होती. कुणाकडे न बघता त्यांनी उभ्यानंच पणती लावली आणि म्हणाल्या, "इतकी वरसं फुकट बसवलं मला."

सोमवारी नवाच्या सुमाराला मोटार आली, टपावर पोती लादलेली. ड्रायव्हर वेशीपाशी थांबला, खाली उतरला, कमानीकडे बघितलं, उताराकडे बघितलं आणि मान हलवली. उतारावर गाडीचा मागचा भाग उचलतो, कागदावरचं माप तिथं खरं होत नाही, असं त्याचं म्हणणं. ओव्हरसियर विचारात पडले. वीरप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या वहाणांकडे.

महांतप्पा मागच्या शिडीनं वर चढला. पोत्यांच्या मधे टपावर मांडी घालून ताठ बसला, डोक्यावर रुमाल होता तसाच. ओव्हरसियर उतरा उतरा म्हणत होते.

"माप खोटं असंल तर पयलं डोस्कं माझं जाईल," तो वरून म्हणाला. "चालीव."

ड्रायव्हरनं गाडी पहिल्यात टाकली. मोटार उतारानं खाली आली आणि कमानीत शिरली. मागचा भाग खरंच उचलला. मी डोळे मिटले नाहीत, याचं मला अजून समाधान आहे. महांतप्पानं मान इवलीशीही वाकवली नाही. उलट हात वर केला आणि कमानीच्या पोटाला लावला, आणि मोटार या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत तो हात त्या दगडांवरून फिरत राहिला. मला रडू आलं. का ते मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही.

चौकात वीरप्पा नारळ आणि हार घेऊन पुढं झाले. महांतप्पा खाली उतरला, ड्रायव्हरला मोटार परत कधी निघणार ते विचारलं आणि हार तसाच सोडून घराकडे गेला. आला तो शिवकांताला घेऊन. तिला पुन्हा सातवा महिना होता. सोलापूरच्या दवाखान्यात आधीच दाखवायचं त्यानं ठरवलं होतं, बोलला मात्र कुणापाशी नव्हता. तिला त्यानं खिडकीशी बसवलं. ड्रायव्हरनं हसत विचारलं, आता टपावर नाही का?

"ते काम झालं," महांतप्पा म्हणाला आणि लेकीशेजारी बसला.

मी वेशीपाशी उभा होतो. मोटार माझ्या अगदी जवळून, माणसाच्या चालीनं गेली. कमान पुढं येताना बघून शिवकांतानं डोळे मिटून मान खाली घातली. बापानं तिच्या हनुवटीला हात लावला.

"मान वर कर, पोरी," तो म्हणाला. "वेस लई उंच हाय."