नऊ नंबरच्या चड्ड्या

माझ्या वहिनींनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही. तरी आमच्या क्लबातल्या कुठल्या खेळाडूचा पाय कसा आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. मला तर नाहीच. मी तीस वर्षं प्रेक्षकांत बसून नुसता घसा फोडतो आहे.

थोरला भाऊ गेल्यापासून लाँड्री वहिनी चालवतात. धुणं आणि डाग त्यांच्याकडे, इस्त्री आणि बडबड माझ्याकडे. क्लबचे कपडे आठवड्यातून तीनदा येतात. वहिनी पोतं जमिनीवर उपडं करतात, एकेक कपडा उलटा करतात, डाग बघतात, वास घेतात. कोणाची नोकरी सुटली, कोण नवऱ्याशी अबोला धरून वेगळ्या खोलीत झोपतंय, सगळं त्यांना कपड्यांवरून कळतं. पण ताकास तूर लागू देणार नाहीत. मी खोदून विचारलं की म्हणतात, "लोक आपल्याकडे मळ देतात, भावजी. तो धुवायचा, वाचून दाखवायचा नाही."

याउलट आमचं गिऱ्हाईक. बेकरीवाला आणि निवृत्त पोस्टमास्तर रोज सकाळी कपडे द्यायच्या निमित्ताने येतात आणि तासभर उंटावरून शेळ्या हाकतात. त्या वर्षी विषय एकच होता. शेवटचा सामना जिंकला तर क्लब वरच्या गटात राहणार, नाहीतर खाली घसरणार. आणि आमचा नऊ नंबर, ज्याला सगळे भिंगरी म्हणत, डाव्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटून सात महिने घरी बसलेला, तो नुकताच सरावाला लागला होता.

"सात महिने म्हणजे पुरे झाले," बेकरीवाला म्हणाला. "माझ्या मेहुण्याचं हाड पाच महिन्यांत जुळलं."

"तुमचा मेहुणा हिशेबनीस आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "त्याला कोण मागून लाथ घालतंय?"

"घालावीशी वाटते बऱ्याच जणांना."

मी छातीठोकपणे सांगितलं की भिंगरी दोन गोल करणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ते गेल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. टेबलावर नऊ नंबरच्या सहा चड्ड्या मांडल्या होत्या, न धुतलेल्या. प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी टाचलेली.

"काय दिसतंय?"

"चिखल," मी म्हणालो.

"कुठे?"

मग दिसलं. सगळ्यांची उजवी बाजू गवताने हिरवीगार, आणि डावी दुकानातून आणल्यासारखी कोरी.

"दुखण्याआधी हा पोरगा दोन्ही कुशींवर पडायचा," वहिनी म्हणाल्या. "आता डावीकडे पडतच नाही. डाव्या मोज्याला मलमाचा असा वास येतो की तीन धुण्यांत जात नाही. त्याचा गुडघा बरा नाही, भावजी. तो लपवतोय."

मला लाज वाटते, पण मी काय बोललो ते सांगायलाच हवं. मी म्हणालो, "वहिनी, रविवारपर्यंत गप्प राहा. एकच तर सामना आहे."

त्या रागावल्या नाहीत. चड्डीची घडी घालत म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या कॉलरवर शेवटी शेवटी मळ बसेनासा झाला होता. मान इतकी बारीक झाली होती की कॉलरला टेकतच नव्हती. ते म्हणायचे, मी ठणठणीत आहे. मी रोज ती कॉलर पाहिली आणि गप्प बसले."

ही गोष्ट मला नऊ वर्षांत पहिल्यांदाच कळत होती.

गुरुवारी त्यांनी भिंगरीला निरोप धाडून बोलावलं आणि चड्ड्या त्याच्यापुढे ठेवल्या. तो आधी हसला, मग कानापर्यंत लाल झाला.

"काकू, पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, ते या सामन्यावर ठरणार आहे. कोणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू? तूच सांग क्लबच्या डॉक्टरांना. शनिवारी दुपारपर्यंत वाट बघते."

त्याने सांगितलं नाही. शनिवारी दुपारी वहिनींनी गाठोडं बांधलं आणि क्लबात गेल्या. गाठोडं माझ्या डोक्यावर होतं. डॉक्टर पहिल्या चड्डीला हसले, तिसरीला गप्प झाले, आणि सहावी बघेपर्यंत त्यांनी भिंगरीला बोलवायला माणूस पाठवला होता. संध्याकाळी तपासणीत कळलं, स्नायुबंध पुन्हा अर्धा फाटला होता.

रविवारी आम्ही एका गोलने हरलो. क्लब खाली घसरला.

पुढचे कित्येक आठवडे दुकानात सुतक होतं. 'डॉक्टरांकडे चुगली कोणी केली' याखेरीज दुसरा विषय नाही. "सापडू दे तो घरभेदी," बेकरीवाला रोज म्हणायचा. माझी जीभ नुसती वळवळायची. "भावजी, शर्ट जळतोय," वहिनी आतून सांगायच्या.

मग एके सकाळी पोस्टमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "क्लबचा गेटवाला सांगतो, त्या शनिवारी लाँड्रीवाल्या बाई गाठोडं घेऊन आल्या होत्या. सामन्याचे कपडे तर शुक्रवारीच गेले होते ना?"

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. खोटं त्यांना बोलता येत नाही. आता त्या सगळं सांगणार आणि ही दोन माणसं बाहेर पडली की गावभर आमचा उद्धार होणार, हे मला दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"डॉक्टरांना मी सांगितलं," दारातून आवाज आला. भिंगरी कुबड्यांवर उभा होता. शस्त्रक्रियेला दोन महिने झाले होते. "काकूंना मीच पाठवलं होतं. माझाच पाय, मीच सांगितलं. काय म्हणायचंय ते मला म्हणा."

बेकरीवाल्याने उठून त्याला आपलं स्टूल दिलं आणि पोस्टमास्तरांना दंडाला धरून बाहेर नेलं.

"खोटं का बोललास?" वहिनींनी विचारलं.

"सांगायला मीच हवं होतं ना, काकू. तेव्हा धीर झाला नाही." तो कुबड्या भिंतीला लावत म्हणाला, "त्या दिवशी खेळलो असतो तर पुन्हा कधी धावलो नसतो म्हणाले डॉक्टर. आता धावेन. वेळेत कळलं."

"वेळेत कळलं ना?"

"हो, वेळेत."

वहिनी त्याच्या समोर खाली बसल्या. माझ्या या खमक्या वहिनींचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "नक्की ना रे? वेळेत?"

त्या कोणाबद्दल विचारत होत्या ते त्या पोराला ठाऊक असणं शक्य नव्हतं. मी इस्त्री बंद केली. तो मात्र एकदाही वैतागला नाही. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि त्याने तिसऱ्यांदाही तेच सांगितलं.