न फोडलेल्या पाकिटांचे वाचक

अन्याय झाला तो मळवलीत एका बंगल्याची देखभाल करणाऱ्या मावशीवर. कधी? मागच्या दिवाळीआधीच्या रविवारी, सकाळी चहाच्या वेळेला. माझ्या पुस्तकावर तिने आदल्या दुपारी लिहिलेला अभिप्राय पुस्तकं विकणाऱ्या साइटने काढून टाकला. तिच्यासोबत आणखी पाच जणींचे.

पुस्तक बंगल्यांवर राबणाऱ्या बायांबद्दलच होतं. मी ते पत्रकं वाटतात तसं खपवलं. खांद्याला पिशवी, दारोदार फिरायचं, हातात पुस्तक द्यायचं. मला दुसरी रीत येतच नव्हती. या सहा जणींनी ते असंच घेतलं आणि पेनाने खुणा करत वाचलं.

अभिप्राय लिहायला सगळ्या मावशीच्या बंगल्याच्या ओट्यावर जमल्या, कारण वायफाय तिथेच. एकच दुपार, एकच नेट, सहा अभिप्राय. साइटच्या लेखी ही खोटे अभिप्राय लिहिणारी टोळी झाली. मावशीने लिहिलं होतं, "पुस्तक खरं हाय. पन टाकीत पानी मोटरनं चढतं असं लिवलंय, ते चूक. उन्हाळ्यात आमी हंड्यानं भरतो. म्हून एक स्टार कमी." इतकं नीट मला कुणीच सांगितलं नव्हतं. तेच पुसलं गेलं.

उरला एकच अभिप्राय, पुण्यातल्या माझ्या आतेभावाचा. "जबरदस्त!" त्याने प्रत साइटवरून मागवलेली, म्हणून त्याच्या नावाखाली 'खरेदीची खात्री झाली' असा शिक्का. पुस्तक त्याने उघडलंही नव्हतं. त्यानेच हसत सांगितलं.

आता खरं बोलते. राग मावशीसाठी आला, पण पोटात जळत होतं ते दुसऱ्याच कारणाने. तिच्या बंगल्याच्या मालकांचंही पुस्तक तेव्हाच आलेलं, घाटातल्या धुक्यावर. त्यांच्या पानावर अभिप्रायांची रांग, आणि एकूण एकाखाली तो शिक्का. दिवसातून चारदा मी ते पान उघडायची आणि जेवण कडू करून घ्यायची.

"एवढी माणसं वाचतात त्यांना?" मी मावशीला विचारलं.

ती मला जिन्याखालच्या कपाटाशी घेऊन गेली. आत खाकी पाकिटं, चिकटपट्टीसकट. "शनवारी पाव्हणे येत्यात. सायेब म्हनत्यात, माजं पुस्तक मागवा, चांगलं लिवा. हितंच बसून मागवत्यात, पाकिटं हितंच येत्यात, हितंच ऱ्हात्यात. धूळ मी पुसते."

किळस यायला हवी होती. मला वाटलं, असे पाहुणे माझ्याकडे का येत नाहीत!

"मावशी, तुम्ही सगळ्या साइटवरून एकेक प्रत परत मागवा ना," मी म्हटलं.

"घरात हाय की पुस्तक."

"शिक्क्यासाठी."

"तुज्या हातनं घेतलं ते खोटं, व्हय? जळून जळून काय झालंय तुजं! बंद पाकिटांवर जळतीस गं पोरी?" तिने कपाट लावलं. "माजं लिवलेलं तितनं गेलं, जाऊ दे. तू तरी वाचलंवतंस ना? मग ते टाकीचं पान सुदारलंस का?"

सुधारलं नव्हतं. इतके दिवस मी दुसऱ्याचे शिक्के बघत बसले होते. घरी आले आणि आधी पुढच्या आवृत्तीसाठी ते पान बदललं.

ज्यांच्या नावाखाली तो शिक्का आहे आणि पाकीट अजून बंद आहे, त्या तुम्हाला सांगतेय. पुस्तक माझं असो, त्यांचं असो. आज फोडा, वाचा, चुकलेलं दिसेल ते लिहा. वाचायचं नसेल, तर तुमचा अभिप्राय आत्ताच्या आत्ता काढून टाका.